मागच्या हॉलचं कुलूप काढा: आमच्या मंदिराच्या विश्वस्त मंडळाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सन्माननीय विश्वस्त,
कोपरखैरणे, नवी मुंबई.

सप्रेम नमस्कार.

रौप्यमहोत्सवाचा तुमचा फ्लेक्स स्टेशनबाहेर लागलाय. रिक्षा स्टँडवरूनच नजरेत भरतो. सगळ्यांचे फोटो झाल्यावर खाली सोनेरी अक्षरांत एक ओळ आहे : ‘आत्मजागृतीतून समाजपरिवर्तन’. ज्या आठवड्यात हा फ्लेक्स चढला, त्याच आठवड्यात मंदिराच्या मागच्या हॉलच्या दाराला नवं कुलूप लागलं आणि एक कागद चिकटला. ‘या सभागृहात यापुढे केवळ आध्यात्मिक कार्यक्रमांना परवानगी राहील. व्यसनमुक्ती, समुपदेशन इ. गटांनी आपली सोय अन्यत्र करावी. हुकुमावरून.’ खाली शिक्का आहे, सही कुणाचीच नाही.

तोंडी विनंती करून झाली. अर्ज देऊन झाला, त्याची पोच मागितली तर ‘पोच कशाला, घरचंच मंदिर आहे’ असं उत्तर मिळालं. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून झालं. घरच्या मंदिरात घरचं माणूस बोलू शकत नसेल तर चारचौघांत बोलावं, म्हणून हे पत्र.

मी कोण ते तुमच्यातले बरेच जण ओळखतील. माथाडी कामगाराची बायको. माहेर पाटण तालुक्यात, सासर जावळीत, आणि संसार इथल्या माथाडी वसाहतीत. अंगणवाडीत सेविका आहे. नाव मात्र खाली घातलेलं नाही, आणि ते भीतीपोटी नाही. मागच्या हॉलमध्ये दर मंगळवारी जी मिटिंग भरायची ती अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे दारू सोडायला एकमेकांना हात देणाऱ्या माणसांच्या फेलोशिपची. आपली ओळख वर्तमानपत्रात, जाहीर ठिकाणी उघड करायची नाही ही तिथली रीत. माझं नाव आलं की नवऱ्याचं आपोआप येतं. त्यांना विचारूनच लिहितेय. ते एवढंच म्हणाले, ‘लिही, पण फेलोशिपच्या वतीने बोलू नकोस.’ तेही बरोबर आहे. बाहेरच्या कुठल्या वादात पडायचं नाही, कशावर मत द्यायचं नाही, हा त्यांचा नियमच आहे. ते तुमच्याशी भांडणार नाहीत, मोर्चा आणणार नाहीत, मुकाट्याने दुसरी जागा शोधतील. म्हणूनच त्यांना बाहेर काढणं इतकं सोपं गेलं. मी त्यांची सभासद नाही. मी त्याच हॉलमध्ये शुक्रवारी बसणाऱ्या, दारू पिणाऱ्यांच्या घरच्या बायकांतली, अल-अ‍ॅनॉनमधली. तिथेही वादात न पडण्याची तीच रीत आहे, पण हे पत्र गटाचं नाही. माझं एकटीचं आहे.

त्या हॉलमध्ये काय चालायचं ते तुमच्यापैकी कुणी कधी आत येऊन बघितलं नाही, म्हणून सांगते. लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडायच्या. जो आधी येईल त्याने मांडायच्या, मग तो कांदा-बटाटा मार्केटातला मुकादम असो, नाहीतर वाशीच्या बँकेतला साहेब. चहाची किटली. दीड तास. एकजण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही, ‘मी तुला आधीच सांगितलं होतं’ म्हणत नाही. शेवटी एक डबा फिरतो. ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो, ज्याच्याकडे नसेल तो डबा पुढे सरकवतो, आणि कुणी बघतही नाही. बाहेरच्या माणसाकडून एक पैसा घ्यायचा नाही हा तिथला दंडक आहे. माझा नवरा बरा झाला त्या आनंदात मी पाचशे रुपये द्यायला गेले, तर मला हात जोडून परत पाठवलं. त्या डब्यातूनच तुमच्या हॉलचं भाडं गेलं. पावत्या आहेत. एका महिन्याचंही थकलेलं नाही. हे आवर्जून लिहितेय, कारण ‘फुकटे’ हा शब्द तुमच्या ऑफिसात माझ्या कानावर पडला.

तिथे बारा पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करणं. मग आपल्यातल्या खोटेपणाचा हिशेब मांडायचा, तो दुसऱ्या एका माणसासमोर बोलून दाखवायचा, ज्यांचं ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करायची, आणि जिथे जिथे त्याने कुणाचं आणखी वाईट होणार नाही तिथे जाऊन भरपाई करायची. शेवटच्या, बाराव्या पायरीवर काय आहे? या सगळ्यातून आत्मिक जागृती झाल्यावर हा निरोप दुसऱ्या दारुड्यापर्यंत न्यायचा आणि जगण्याच्या प्रत्येक व्यवहारात ही तत्त्वं पाळायची. तुमच्या फ्लेक्सवरची ओळ आणि त्या मिटिंगच्या भिंतीवर टांगायचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून एकदा वाचा. आणि मग मला सांगा की ‘केवळ आध्यात्मिक’ या अटीत हे लोक कुठे बसत नाहीत.

या फेलोशिपची सुरुवातही ऐकण्यासारखी आहे. १९३५ साली अमेरिकेत, अ‍ॅक्रन नावाच्या गावात, न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल धंद्यासाठी आला होता. बिल विल्सन. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. सौदा फसला, खिसा रिकामा, गाव परकं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. पिण्याची हुक्की आली, तेव्हा त्याने काय केलं, तर चर्चच्या यादीतले नंबर फिरवून ‘मला बोलायला एखादा दारुडा गाठून द्या’ म्हणून विचारत बसला. फोनाफोनी करता करता डॉक्टर बॉब स्मिथ नावाच्या सर्जनपर्यंत पोचला. तोही पिणारा. हा त्याला उपदेश करायला गेला नव्हता, स्वतः वाचायला गेला होता. १० जून १९३५ हा डॉक्टरच्या शेवटच्या घोटाचा दिवस, तोच फेलोशिपचा स्थापना दिवस धरतात. यात मला जे कळलं ते असं की, आपल्यात जे जागं होतं ते दुसऱ्याला दिल्याशिवाय आपल्याकडे टिकत नाही. घरी देवघरासमोर एकट्याने डोळे मिटून बसून टिकलं असतं, तर माझा नवरा केव्हाच सुटला असता. देवभोळा माणूस आहे.

इथे माळेबद्दल बोलावंच लागेल, कारण तुमचे सेक्रेटरी मला म्हणाले, ‘वहिनी, आपली वारकरी परंपरा असताना ही परदेशी थेरं कशाला? माळ घाला म्हणावं, दारू सुटते.’ सुटते, दादा. आमच्या गावाकडे माळेने सुटलेली कितीतरी घरं मी बघितलीत. माझे सासरे त्यातलेच. पण ज्याची माळ घालूनही सुटत नाही त्याचं काय? माझ्या नवऱ्याने माळ घातली, प्यायला म्हणून तोडली, पुन्हा घातली, पुन्हा तोडली. माळ तुटलेल्या माणसाकडे गाव कसं बघतं ते ज्याने सोसलंय त्यालाच ठाऊक. साधा दारुडा नुसता दारुडा असतो, माळ तोडलेला दारुडा पापी ठरतो. मग लाजेने आणखी पितो. दिंडीला जायचं बंद, भजनाला बसायचं बंद, देवळासमोरून जाताना रस्ता बदलायचा. मंगळवारच्या त्या खोलीत पहिल्या दिवशी त्यांना कुणी विचारलं नाही की माळ कुठाय. ‘आलात ना, बसा, चहा घ्या’ एवढंच. पुढे स्लिप झाली, म्हणजे परत प्यायले, तेव्हाही तेच. बरीच वर्षं सोबर राहिल्यावर मागच्या आषाढात त्यांनी आळंदीहून परत माळ घालून आणली. म्हणजे तुमच्या पुढच्या हॉलमध्ये बसायला ते मागच्या हॉलमधून आले. तो रस्ताच तुम्ही बंद केलात.

आता समाजपरिवर्तनाचं. हा शब्द मला जड जातो, मी मार्केटातली एक गोष्ट सांगते.

मसाला मार्केटात नवऱ्याची टोळी एका गाळ्यावर काम करते. पिण्याच्या दिवसांत एकदा गाडी भरताना मोजणीत त्यांनी घोळ घातला आणि जिऱ्याची पोती भलत्याच टेम्पोत गेली. संशय आला तो टोळीत बदलीवर येणाऱ्या परभणीकडच्या पोरावर. नवा, परका, त्याच्या बाजूने बोलणारं कोण? त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाले. ह्यांना खरं काय ते माहीत होतं, पण गप्प बसले. सोबर झाल्यावर भरपाईची यादी करायची वेळ आली, तेव्हा त्या यादीत माझं नाव पहिलं असेल असं मला वाटलेलं. पहिलं नाव त्या पोराचं होतं. (मला राग आला होता, खोटं का बोलू.)

ते शेटकडे आणि मुकादमाकडे गेले आणि सगळ्या टोळीसमोर सांगितलं. टाळ्याबिळ्या काही वाजल्या नाहीत. शेट म्हणाला, एवढी वर्षं झाली, आता काय उपयोग, आणि जिऱ्याचे पैसे हप्त्याहप्त्याने वसूल केले. त्या वर्षी दिवाळीला आमच्याकडे नवे कपडे नव्हते. पोरगा भिवंडीच्या एका गोदामात सापडला. त्याने ऐकून घेतलं, माफ केलं म्हणाला नाही, परतही आला नाही. पण त्यानंतर टोळीने ठरवलं की गाडी भरताना दोघांनी मोजायचं, दोघांनी वहीत सही करायची, आणि बदलीच्या माणसाला पण मोजायला उभं करायचं. शेजारच्या गाळ्यावरही तेच सुरू झालं. पगाराच्या दिवशी सगळी टोळी सरळ देशी दारूच्या दुकानाकडे वळायची, ती आता वळत नाही. अजून काहीजण पितात, पण गावाकडून नवीन आलेल्या अठरा वर्षांच्या पोराला ‘चल, आज तुझं उद्घाटन’ म्हणून कुणी ओढून नेत नाही. आमच्या चाळीच्या ओळीत रात्री अकरा वाजता भांडी आपटायचे आवाज कमी झाले. बायकांची भिशी मोडायची थांबली. तुम्हाला याला समाजपरिवर्तन म्हणायचं नसेल तर नका म्हणू. पण फ्लेक्सवर लिहायला मग दुसरं काय आहे तुमच्याकडे?

आता गाऱ्हाणी.

पहिलं, निर्णय कधी झाला, कुठल्या सभेत, कुणी मांडला, काही कळलेलं नाही. आम्ही वर्गणीदार आहोत. वार्षिक सभेत हा विषयच नव्हता. तुम्ही नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहात, कुणाच्या घरची ओसरी नाही. शिवाय हा भूखंड सिडकोने सामाजिक सुविधेसाठी सवलतीच्या दरात दिला, हे दर वर्धापनदिनी माइकवर तुम्हीच अभिमानाने सांगता.

दुसरं, कागदावर कारण एक आणि तोंडी कारण वेगळंच. तोंडी सांगितलं गेलं की ‘बेवड्यांमुळे ध्यानाच्या शिबिराला येणाऱ्या लोकांना संकोच वाटतो, गेटवर सिगरेटी ओढतात, मंदिराचं नाव खराब होतं.’ गेटवर सिगरेटी ओढतात हे खरं आहे, आणि त्यावर माझं तुमचं एकमत आहे. एक शब्द सांगितला असता तर बंद झालं असतं. पण ‘बेवडे’? त्या खोलीत बसणारा माणूस हा न पिणारा माणूस असतो हो, निदान त्या दिवसापुरता. आणि कोणकोणाच्या घरातली माणसं तिथे बसतात हे मी सांगणार नाही. सांगता येत नाही. पण एवढं म्हणते की तुमच्या बैठकीत हा ठराव मांडताना सगळ्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं असतं, तर बरं झालं असतं.

तिसरं गाऱ्हाणं बायकांचं आहे आणि मला सगळ्यात जास्त तेच लागलंय. पुरुषांची मिटिंग निघाली की आमची शुक्रवारचीही आपोआप निघाली. आम्हाला तर कुणी नोटिसमध्येही धरलं नाही, ‘इत्यादी’ मध्ये गेलो. दारुड्याची बायको काय करते तिथे, असं एका विश्वस्तांच्या सौभाग्यवतींनी विचारलं. मुकादमाला फोन करून ‘ह्यांना ताप आलाय’ असं खोटं सांगायचं थांबवायला शिकते. बाटली शोधून मोरीत ओतायचं थांबवायला शिकते. नवऱ्याच्या पिण्या-न पिण्यावर आपला दिवस चांगला की वाईट हे ठरवणं सोडायला शिकते. अल-अ‍ॅनॉन हा गट १९५१ साली अमेरिकेत अशाच बायकांनी काढला, त्या बिल विल्सनची बायको लॉइस त्यात पुढे होती. आमच्यात एक ताई आहे बौद्धवाड्यातली. ती म्हणते, ‘आमच्या बावीस प्रतिज्ञांतच आहे दारू पिणार नाही म्हणून, माझ्या आज्याने नागपूरला जाऊन घेतलेली. नातवाने मोडली.’ एक ख्रिश्चन मावशी आहे, एक मुंब्र्याहून येणारी आपा आहे. कुणाला देवाचं नाव काय घ्यावं हे कुणी सांगत नाही. आता आम्ही उद्यानातल्या बाकावर बसतो. साडेआठला वॉचमन शिट्टी मारतो. पावसात काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. रस्त्याच्या कडेला बाई रडत नाही, आणि तिथे येऊन रडता आलं पाहिजे हाच तर निम्मा उपयोग होता.

चौथं, शिबिराचं. मागच्या हॉलला एसी बसला, पांढऱ्या गाद्या आल्या, आणि तिथे आता ध्यानाची शिबिरं होतात. फी आमच्या महिन्याच्या किराण्याएवढी आहे. मी ध्यानाच्या विरोधात नाही. शिकवणाऱ्या बाई मनापासून शिकवतात असं गेलेल्या एकीने सांगितलं, आणि तिची झोपही सुधारली. चांगलंच झालं की. माझा आक्षेप त्याच्या शेजारी दुसऱ्या कशाला जागा न उरण्याला आहे. मन शांत झालं, चप्पल घातली, गाडीत बसून पाम बीच रोडने घरी गेलं, इथपर्यंत ते येऊन थांबतं. कुणाची यादी करायची नाही, कुणाचे पैसे परत करायचे नाहीत, कुणासमोर मान खाली घालायची नाही. त्यालाही अध्यात्म म्हणा, पण त्याच्यासाठी दुसरं अध्यात्म हाकलू नका.

आपल्या परंपरेचं नाव तुम्ही काढलंत म्हणून मीही काढते. पंढरपूरच्या वाळवंटात पिढ्यान् पिढ्या लोक जात न बघता एकमेकांच्या पाया पडत आले. आणि देवळाचं दार? चोखोबांची समाधी महाद्वारासमोर बाहेरच राहिली. ते दार दलितांसाठी उघडायला १९४७ साल उजाडलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना १ मे ते १० मे पंढरपुरात उपोषण करावं लागलं. उपोषणाआधी ते महाराष्ट्रभर फिरले, गावोगावच्या देवळांची दारं आधी लोकांच्या हातून उघडून घेतली. म्हणजे वाळवंटात जे जागं झालं होतं ते चौकटीच्या आत यायला इतका काळ लागला, कारण मध्ये किल्ली हातात घेऊन कुणीतरी उभं होतं. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचारून दारू, कर्ज, जत्रेतले बोकड यांवरून फैलावर घ्यायचे. त्यांनी देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी प्रतिज्ञा घेतल्या त्या प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने घेतल्या. एकेकट्याने, आणि तरी एकत्र. ‘हे समाजकार्य, ते अध्यात्म’ अशी वाटणी यांच्यातल्या कुणी केली होती ते मला दाखवा.

दुसऱ्या बाजूलाही मी डोळेझाक करत नाही. नुसती माणसं आतून बदलली की सगळं होतं, असं मी म्हणणार नाही, माथाडीच्या घरात राहून तर नाहीच. १९६९ चा माथाडी कायदा कुणाच्या ध्यानातून आला नाही, संघटनेतून आला. तो नसता तर माझा नवरा सोबर राहूनही उपाशी राहिला असता. दारूची दुकानं आडव्या बाटलीला मत देऊन बंद करता येतात, आणि ती लढाई लढणाऱ्या बायकांना माझा नमस्कार आहे. पण चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला दारूबंदी आली आणि २०२१ ला उठली. सरकार एका सहीने आणतं, दुसऱ्या सहीने काढतं. बंदी असली काय, नसली काय, ज्याला प्यायची आहे त्याला उद्या सकाळी उठून काय करायचं हे सांगणारी जागा लागतेच. आमच्याकडे ती जागा होती, पंखे आणि नळासकट.

सगळेच टिकतात असंही नाही. पुष्कळ जण चार मिटिंगा करून जातात. काही परत येतात, काहींच्या मयतीला आम्ही गेलोय. म्हणूनच दार आठवड्याच्या ठरलेल्या वेळी उघडं असणं महत्त्वाचं. ज्याला एकदा कुलूप दिसतं तो दुसऱ्यांदा येत नाही, दुकान तर कायम उघडं असतं.

जाता जाता महोत्सवाबद्दल. मैदानावर मंडप घालून भर दुपारी महासत्संग ठेवलाय, तोही एप्रिलअखेर. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात उन्हात बसून उष्माघाताने १४ जीव गेले. ती सगळी श्रद्धेने आलेली, शिस्तीत बसलेली साधी माणसं होती. आमच्या ओळखीतले लोकही त्या गर्दीत होते. गर्दीच्या आकड्यासाठी तो कार्यक्रम दुपारी ठेवू नका.

आता मागण्या. सरळ आणि थोड्या आहेत.

दारावरचा कागद काढा आणि मंगळवार व शुक्रवार, रात्री आठ ते साडेनऊ, मागचा हॉल पूर्वीसारखा द्या. भाडं ठरवा, वाढवायचं असेल तर झेपेल इतकं वाढवा, दर महिन्याला पावती द्या. फुकट नको.

बायकांच्या गटाची नोंद वेगळी, स्वतःच्या नावाने करा. जिन्यावरचा दिवा गेल्या गणपतीपासून बंद आहे, तो लावा.

येणाऱ्याला माळ, जात, धर्म, गाव, ‘शेवटची कधी घेतली’ यातलं काहीही गेटवर विचारलं जाणार नाही, हे वॉचमनला लेखी सांगा. त्यांची नावं वहीत लिहून घेऊ नका. नाव लिहावं लागलं तर पहिल्यांदा येणारा गेटवरूनच परत जाईल.

गेटवर सिगरेट ओढणार नाही, चपला रांगेत राहतील, नऊ पस्तीसला हॉल झाडून बंद होईल. ही आमच्याकडची हमी. नऊ पस्तीसला झाडू मारायला मी स्वतः येईन.

ध्यान शिबिराची महिन्यातून एक तुकडी मार्केटातल्या कामगारांसाठी आणि घरकाम करणाऱ्या बायकांसाठी बिनपैशाची ठेवा, त्यांच्या सुट्टीच्या वेळेत. शिकवणाऱ्या बाई तयार आहेत, असं मला कळलंय.

महासत्संग संध्याकाळी घ्या. सावली, पाणी, डॉक्टर, अ‍ॅम्ब्युलन्स यांची सोय आधी, हार-तुरे नंतर.

आणि यातलं काही जमणार नसेल तर वर्गणीदारांची विशेष सभा बोलवा, विषय लेखी ठेवा, हात वर करून मतं घ्या. तिथे ठराव आमच्या विरोधात गेला तर मी मान्य करीन. फक्त मग फ्लेक्सवरची ती ओळ उतरवा.

उत्तर माझ्या घरी पाठवू नका, नवऱ्याला मार्केटात गाठूनही बोलू नका. मंदिराच्या सूचना फलकावर लावा, सहीसकट. मी रोज काकड आरतीला येतेच, वाचीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वर्गणीदार यादीतली एक,
माथाडी वसाहत, कोपरखैरणे

ता. क. मागच्या हॉलच्या भिंतीतल्या कपाटात मिटिंगची चहाची किटली, कपांची पेटी आणि पावत्यांची फाइल राहिली आहे. किल्ली ऑफिसात आहे म्हणतात. येत्या मंगळवारी साडेसातला कुणीतरी न्यायला येईल, तेवढी तरी द्या.